भत्त्याचं बिल, पोलीस आणि पहिलं टेबल: लंडन, कॅनबेरा की ओटावा?

पुतणीने निवेदनाचा मसुदा पाठवला होता. खासदार-आमदारांनी उचललेल्या भत्त्याबद्दल तक्रार आली तर तिचं पुढे काय व्हावं, यावर दीड पान. शेवटची ओळ अशी: ‘प्रगत देशांप्रमाणे राजकीय हस्तक्षेपापासून मुक्त पोलीस तपास व्हावा.’ मी फोन करून विचारलं, कोणत्या प्रगत देशाप्रमाणे? ती म्हणाली, “काका, कुठलाही घ्या. तिकडे असतंच की ते.”

तिकडे सगळीकडे सारखं नसतं. शिवाय जिथे असतं, तिथेही त्याची सुरुवात पोलीस ठाण्यात होत नाही. मी नोकरीची बरीच वर्षं एका सरकारी कचेरीत टीए-डीएची बिलं तपासण्यात घालवली. तिथे एक गोष्ट पक्की कळली. बिल अडतं किंवा सुटतं ते पहिल्या टेबलावर. तिथल्या कारकुनाने समासात लाल शाईने ‘खुलासा व्हावा’ असं लिहिलं की पुढची सगळी फाईल वेगळ्या वाटेने जाते. त्याने नुसती सही करून ती सरकवली, तर नंतर कितीही मोठा साहेब आला तरी त्याच्या हाती धड कागद लागत नाही. पोलिसांच्या स्वायत्ततेबद्दल बोलताना आपण नेहमी शेवटच्या टेबलाबद्दल बोलतो: आयुक्त कोण नेमतो, बदली कोण करतो, वरून फोन आला का. ते महत्त्वाचं आहेच. पण पुढाऱ्यांच्या भत्त्यांच्या बाबतीत खरा खेळ आधीच होऊन जातो.

म्हणून तिच्यासाठी तीन देश शेजारी-शेजारी ठेवून पाहिले. तिघांनाही मी तेच विचारलं: तक्रार पोलिसांपर्यंत कोण पोचू देतं, खटला भरायचा की नाही हे कोण ठरवतं, आणि ज्या नियमाच्या आधारे पुढाऱ्याला पकडायचं तो नियम वाचून कळण्यासारखा आहे का. तिघांची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत.

लंडन: खटले झाले, पण कुलूप वर्तमानपत्राने फोडलं

८ मे २००९ पासून ‘डेली टेलिग्राफ’ने ब्रिटिश खासदारांच्या खर्चाची बिलं रोज थोडीथोडी छापायला सुरुवात केली. माहिती गुपचूप बाहेर आलेल्या डिस्कवरची होती. त्याच्या आदल्या वर्षी पत्रकारांनी माहितीच्या अधिकाराखाली लढून हायकोर्टाकडून बिलं उघड करण्याचा आदेश मिळवला होता. संसद ती देणार होती, पण बऱ्याच ओळींवर काळं फासून. म्हणजे या गोष्टीच्या पहिल्या अंकात पोलीस नाहीतच. त्यांच्यापुढे पहिला प्रश्न आला तो असा, की डिस्क बाहेर फोडणाऱ्याचा तपास करायचा का? लंडनच्या मेट्रोपोलिटन पोलिसांनी नाही म्हटलं. माझ्या मते त्या साऱ्या प्रकरणातला त्यांचा सगळ्यात स्वायत्त निर्णय हाच. त्याच महिन्यात सभापती मायकेल मार्टिन यांना पद सोडत असल्याचं जाहीर करावं लागलं. सभापतीला असं घालवल्याची वेळ १६९५ नंतर पहिल्यांदाच आली.

मग चाळणी लागली. पोलीस आणि सरकारी अभियोग विभाग यांचं एक संयुक्त मंडळ बसलं आणि त्याने तक्रारी वेगळ्या केल्या. उधळपट्टी एका बाजूला, फसवणूक दुसऱ्या बाजूला. तळ्यातल्या बदकांच्या लाकडी घराचा १,६४५ पौंडांचा दावा आणि वाड्याभोवतीचा खंदक साफ केल्याचा खर्च या दोन गोष्टींवर सारं जग हसलं, पण त्यांवर खटला झाला नाही. त्या दाव्यांत लाज नव्हती, पण खोटेपणाही नव्हता. कागदावर जे लिहिलं होतं ते खरंच होतं. खटला झाला तो डेव्हिड चेटर यांच्यावर. त्यांनी स्वतःच्याच फ्लॅटचं भाडं दाखवलं होतं आणि घरमालक म्हणून मुलीचं नाव घातलं होतं. एलियट मॉर्ली यांच्यावर झाला, कारण त्यांनी फिटलेल्या गृहकर्जाचे हप्ते उचलले होते. जिम डिव्हाइन यांनी न झालेल्या कामांच्या पावत्या लावल्या होत्या. लॉर्ड हॅनिंगफिल्ड यांनी लंडनमध्ये न केलेल्या मुक्कामांचा भत्ता घेतला होता.

५ फेब्रुवारी २०१० रोजी या चौघांवर आरोप ठेवल्याचं सरकारी अभियोग विभागाच्या प्रमुखाने जाहीर केलं. चौघांपैकी तिन्ही खासदार सत्ताधारी मजूर पक्षाचे होते आणि तीन महिन्यांनी सार्वत्रिक निवडणूक होती. आपल्याकडे असा मुहूर्त साधणाऱ्या अधिकाऱ्याची दुसऱ्या दिवशी कुठे बदली झाली असती, याची कल्पना करून पाहा. तिथला तो अधिकारी म्हणजे कीर स्टार्मर. पुढे २०१५ मध्ये ते त्याच मजूर पक्षाचे खासदार झाले आणि २०२४ मध्ये पंतप्रधान. पक्षाने राग धरला नाही, असंच म्हणायला हवं.

आरोपींनी ढाल पुढे केली ती १६८९ च्या अधिकार-सनदेची. तिचं नववं कलम सांगतं की संसदेतल्या कामकाजाबद्दल कोर्टात जाब विचारता येत नाही. भत्त्याचा फॉर्म भरणं हेही कामकाजच, असा त्यांचा युक्तिवाद होता. नोव्हेंबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी तो एकमताने फेटाळला. चेटर यांना १८ महिने, मॉर्ली आणि डिव्हाइन यांना प्रत्येकी १६ महिने कैद झाली.

इथवर वाचून पुतणी म्हणेल, ठरलं, ब्रिटन. पण अजून दोन प्रकरणं बाकी आहेत, आणि माझ्या लेखी जास्त शिकवतात ती हीच.

पहिलं बॅरोनेस उद्दीन यांचं. वरिष्ठ सभागृहाच्या या सदस्याने लंडनबाहेरचा एक फ्लॅट आपलं मुख्य घर म्हणून दाखवून मुक्काम भत्ता घेतला. मार्च २०१० मध्ये स्टार्मर यांच्याच विभागाने त्यांच्यावर खटला भरता येणार नाही असं जाहीर केलं. ‘मुख्य घर’ म्हणजे काय याची व्याख्याच नव्हती. सभागृहाच्या मुख्य सचिवांनी लावलेला अर्थ इतका सैल होता, की महिन्यातून एखादी खेप टाकली तरी घर ‘मुख्य’ ठरावं. सभागृहाने स्वतः नंतर त्यांना निलंबित केलं आणि सव्वा लाख पौंडांहून जास्त रक्कम परत मागितली. पण फौजदारी दरवाजा मात्र पहिल्या टेबलाने कधीच लावून टाकला होता.

दुसरं डेनिस मॅकशेन यांचं. तक्रार संसदेच्या आचार-आयुक्तांकडे गेली, तिथून पोलिसांकडे. पोलिसांनी दोन वर्षं घालवून २०१२ च्या उन्हाळ्यात फाईल बंद केली. मॅकशेन यांनी आयुक्तांना लिहिलेली पत्रं संसदीय कामकाजाचा भाग ठरत असल्याने पोलिसांना वापरता येत नव्हती. त्या पत्रांत काय आहे ते त्या वर्षाच्या शेवटी संसदीय समितीचा अहवाल छापून आल्यावर साऱ्या देशाला कळलं. मग फाईल पुन्हा उघडली. २०१३ मध्ये मॅकशेन यांनी १२,९०० पौंडांच्या खोट्या पावत्यांबद्दल गुन्हा कबूल केला आणि सहा महिन्यांची शिक्षा झाली. इथे पोलिसांवर कुणी दबाव आणला नव्हता. त्यांच्यापर्यंत कागदच पोचू शकत नव्हता.

आणि आकड्यांचा हिशेब: सर थॉमस लेग यांच्या तपासणीनंतर खासदारांना ११ लाख पौंडांहून जास्त रक्कम परत करायला सांगितलं गेलं. तुरुंगात गेलेले खासदार आणि लॉर्ड मिळून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

कॅनबेरा: ‘पैसे भरले ना? मग झालं’

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण मी पुतणीला सगळ्यात आधी वाचायला सांगितलं, कारण आपल्याकडची माणसं ज्या सोयीला पटकन भुलतील ती सोय तिथे वीस वर्षं चालून आपटली आहे.

१९९८ मध्ये तिथल्या एका मंत्र्याने, निक मिंचिन यांनी, संसदेपुढे एक कार्यपद्धती ठेवली. ‘मिंचिन प्रोटोकॉल’ हे तिचं प्रचलित नाव. खासदाराच्या भत्त्याबद्दल आरोप आला की आधी खात्याने पाहायचं. दम वाटला तर खासदाराला खुलासा विचारायचा. किरकोळ असेल तर पैसे भरून घेऊन विषय संपवायचा. गंभीर असेल तर वरिष्ठ अधिकाऱ्यांची समिती, आणि त्यानंतर संघीय पोलीस. वरवर पाहता पद्धत समजूतदार आहे. चारशे रुपयांच्या टॅक्सी-बिलासाठी फौजदार कशाला? पण ‘किरकोळ’ कोण ठरवणार? मंत्र्याच्या हाताखालचं खातं.

आता पीटर स्लिपर. क्वीन्सलँडचे हे खासदार नोव्हेंबर २०११ मध्ये विरोधी पक्ष सोडून सभापती झाले. ज्युलिया गिलार्ड यांचं अल्पमतातलं सरकार त्यामुळे एका मताने सावरलं आणि स्लिपर यांचे जुने सहकारी कायमचे दुखावले. काही महिन्यांत त्यांच्या कार्यालयातल्याच एका कर्मचाऱ्याने गंभीर आरोप केले. त्यांत टॅक्सी-व्हाउचरच्या गैरवापराचाही आरोप होता. पोलीस थेट तपासाला लागले. जानेवारी २०१३ मध्ये समन्स निघालं ते २०१० मधल्या तीन सहलींबद्दल, कॅनबेराच्या आसपासच्या द्राक्षमद्याच्या मळ्यांपर्यंतच्या. रक्कम ९५४ डॉलर. स्लिपर सांगत राहिले की पैसे भरतो, बाकीच्यांना लावता तीच पद्धत मला लावा. उपयोग झाला नाही.

त्याच वर्षी, २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये, वर्तमानपत्रांनी इतरांची लग्नं बाहेर काढली. खासदार मित्रांच्या आणि ओळखीच्यांच्या लग्नाला सरकारी खर्चाने गेले होते. नुकतेच पंतप्रधान झालेले टोनी अ‍ॅबट यांनी दोन लग्नांचे मिळून हजाराच्या वर डॉलर परत भरले. त्यातलं एक लग्न खुद्द स्लिपर यांचं होतं! महान्यायवादी जॉर्ज ब्रँडिस यांनीही एका लग्नाचे जवळपास १,७०० डॉलर भरले. त्याआधी अ‍ॅबट यांनी स्वतःच्या पुस्तकाच्या प्रचारदौऱ्याचे नऊ हजारांहून जास्त डॉलर भरून टाकले होते. यांतल्या कुणाला समन्स निघालं नाही.

२०१४ मध्ये मॅजिस्ट्रेटने स्लिपर यांना दोषी ठरवून ३०० तासांची समाजसेवा सांगितली. २०१५ मध्ये वरच्या कोर्टाने ती शिक्षा रद्द केली. मळ्यावर जाऊनही माणूस संसदीय कामाबद्दल बोलत असू शकतो, आणि तसं नव्हतंच हे सरकार पक्षाने निःसंशय सिद्ध केलं नाही, असं न्यायमूर्तींचं म्हणणं पडलं. ‘संसदीय काम’ म्हणजे काय, हे कुठेच धड लिहिलेलं नव्हतं.

याची जोड पाहा. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये सभापती ब्रॉनविन बिशप मेलबर्नहून जिलाँगजवळच्या एका पक्षनिधीच्या कार्यक्रमाला हेलिकॉप्टरने गेल्या. मोटारीने तासाभराचं अंतर, खर्च ५,२२७ डॉलर. पुढच्या जुलैमध्ये ते उघडकीला आलं. विरोधकांनी पोलिसांना पत्र लिहिलं, तर पोलिसांनी ते प्रकरण मिंचिन प्रोटोकॉलचा हवाला देऊन अर्थखात्याकडे वळतं केलं. बिशप यांनी रक्कम २५ टक्के दंडासह भरली आणि ऑगस्टमध्ये पद सोडलं, पण ते लोकक्षोभामुळे.

९५४ डॉलरवर पोलीस, ५,२२७ डॉलरवर पत्रव्यवहार. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण इथे तंतोतंत बसत नाही, कारण स्लिपर काही संन्यासी नव्हते. पण दोन सभापती, एकच पोलीस दल, आणि दोन वेगळ्या वाटा. कुणा मंत्र्याने पोलिसांना फोन केला असं मी म्हणत नाही. ऑस्ट्रेलियाचा कायदा मंत्र्याला पोलिसांना लेखी आणि धोरणात्मक सूचना देण्याचाच अधिकार देतो, एखादा तपास उघडण्या-मिटवण्याचा नव्हे. फोनची गरजच पडत नाही, हीच अडचण आहे. तक्रार आधी खात्याच्या टेबलावर टेकते की सरळ पोलिसांकडे जाते, एवढ्यावरच सगळं ठरतं.

जानेवारी २०१७ मध्ये आरोग्यमंत्री सुझन ले यांनी राजीनामा दिला. सरकारी खर्चाच्या एका गोल्ड कोस्ट फेरीत त्यांनी तिथे ७,९५,००० डॉलरचा फ्लॅट विकत घेतला होता. त्यानंतर माल्कम टर्नबुल सरकारने जुनी पद्धत मोडून भत्त्यांसाठी स्वतंत्र प्राधिकरण उभं केलं आणि नवा कायदा आणला. मला त्यातलं जे आवडतं ते असं: प्रवासाचा मुख्य हेतू संसदीय काम असला पाहिजे. बीचवर जाता जाता एक बैठक घेतली, हे चालत नाही. खर्च योग्य कसा हे लोकांना पटवून द्यायची जबाबदारी खासदारावर टाकली आहे. बिलं ठरावीक मुदतीने वेबसाइटवर येतात. स्लिपर यांचा खटला ज्या धुक्यात विरला, ते धुकं निदान कागदावर तरी हटलं.

ओटावा: पोलीस मोकळे, नियम आंधळा

पोलिसांच्या स्वातंत्र्याचं सगळ्यात देखणं वाक्य कॅनडात सापडतं. तिथल्या राष्ट्रीय पोलिसांच्या, म्हणजे रॉयल कॅनेडियन माउंटेड पोलिसांच्या कायद्यात लिहिलंय की आयुक्त मंत्र्याच्या निर्देशाखाली काम करतो. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात स्पष्ट केलं की गुन्ह्याचा तपास करताना तो मंत्र्याचा माणूस नसतो. तो कायद्याला बांधील असतो. पुतणीच्या निवेदनात उद्धृत करायला याहून चांगलं काही मिळणार नाही.

आता माइक डफी. टीव्हीवरचे नावाजलेले पत्रकार, पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी त्यांना प्रिन्स एडवर्ड बेट या प्रांताचे सिनेटर, म्हणजे संसदेच्या नेमलेल्या वरिष्ठ सभागृहाचे सदस्य, नेमलं. राहायचे ओटावातच, पण कागदावर मुख्य घर बेटावर; म्हणून ओटावातल्या स्वतःच्याच घरात राहण्याचा मुक्काम भत्ता. ओरड झाली तेव्हा पंतप्रधानांचे कार्यालयप्रमुख नायजेल राइट यांनी स्वतःच्या खिशातून ९०,१७२ डॉलरचा चेक दिला, म्हणजे डफी यांनी पैसे परत केल्याचं दिसावं. मे २०१३ मध्ये ते फुटलं आणि राइट यांनी राजीनामा दिला.

पोलिसांनी तपास केला तो सत्तेतल्या पंतप्रधानांच्या कार्यालयात शिरून. जुलै २०१४ मध्ये डफी यांच्यावर ३१ आरोप लागले, त्यांत लाच घेतल्याचाही. राइट यांच्यावर मात्र काहीच नाही. लाच घेणारा आहे, देणारा नाही, हे कोडं तेव्हा कॅनडात कुणालाही उलगडेना. मलाही अजून उलगडलेलं नाही.

२१ एप्रिल २०१६ रोजी न्यायाधीश चार्ल्स व्हायनकोर्ट यांनी ३१ च्या ३१ आरोप फेटाळले. सिनेटचे नियम इतके ढगळ होते की ‘मुख्य घर’ ठरवायचे निकषच नव्हते. ज्याला कुठली रेषा ओलांडली हे सांगता येत नाही त्याला गुन्हेगार कसं म्हणायचं? उलट न्यायाधीशांनी पंतप्रधान कार्यालयाच्या कारवायांवर कोरडे ओढले. मग इतर सिनेटरांवरचे खटलेही गळाले. दरम्यान महालेखापरीक्षकांनी जून २०१५ मध्ये तीस सिनेटरांचे दावे आक्षेपार्ह ठरवले होते आणि त्यांच्या शिफारशीवरून नऊ प्रकरणं पोलिसांकडे गेली होती. पैसे बऱ्याच जणांनी भरले. तुरुंगात कुणी गेलं नाही.

लंडनच्या उद्दीन आणि ओटावाचे डफी. महासागर ओलांडला तरी खोट तीच: ‘मुख्य घर’.

शेजारी ठेवल्यावर

तक्रार पोलिसांपर्यंत पोचण्याच्या बाबतीत कॅनडा पुढे आहे, निदान २०१३ नंतरचा. महालेखापरीक्षकांच्या शिफारशीवरून प्रकरणं पोलिसांकडे गेली, मध्ये मंत्र्याचं खातं नाही. ब्रिटनमध्ये वाट मोकळी आहे, पण संसदेच्या विशेषाधिकाराची भिंत मधूनच आडवी येते. जुनी ऑस्ट्रेलियन पद्धत या कसोटीवर सरळ नापास.

खटला कोण ठरवणार, यात ब्रिटनला तोड नाही. पोलीस पुरावा गोळा करतात, खटल्याचा निर्णय वेगळ्या विभागाचा. उद्दीन यांच्यावर खटला न भरण्याची कारणंही त्या विभागाने जाहीर सांगितली. ही बारीकशी सवय मला फार मोलाची वाटते. पोलिसांचा ‘हो’ कोर्टात तपासला जातो. पोलिसांचा ‘नाही’ कुठेच तपासला जात नाही. राजकीय दबावाला सगळ्यात सोयीची जागा म्हणजे न झालेला तपास.

नियमाच्या स्पष्टतेत २०१७ नंतरची ऑस्ट्रेलिया पहिली. ब्रिटननेही २०१० पासून खासदारांची बिलं मंजूर करायचं काम संसदेच्या कचेरीकडून काढून स्वतंत्र प्राधिकरणाला दिलं आणि बिलं उघडी केली. खासदार त्याला सुरुवातीपासून शिव्या घालतात. टेबलावरच्या कारकुनाला शिव्या पडत असतील तर तो काम करत असावा, असा माझा जुना अनुभव.

मग तुम्हाला हवंय काय, त्यावर निवड. खोट्या पावत्यांना तुरुंग दाखवायचा असेल तर ब्रिटनचा अभियोग विभाग. पैसे लवकर परत हवेत आणि पुढचे दावे सरळ व्हायला हवेत, तर आजचा ऑस्ट्रेलियन कायदा. नुसतं पोलिसांचं स्वातंत्र्य भाषणात वापरायचं असेल तर कॅनडाचा निकाल. एकच निवडायचा हट्ट असेल तर मी ऑस्ट्रेलियाचा २०१७ चा नियम आणि त्यावर ब्रिटनचा अभियोग विभाग असा सांधा मागेन. सांधा म्हणजे एक नव्हे, हे कबूल.

आणि आपल्या दारात

आपल्याकडे भत्त्याच्या खोट्या बिलावर शिक्षा झालीच नाही असं नाही. राज्यसभेचे माजी सदस्य अनिलकुमार सहानी यांनी न केलेल्या विमानप्रवासाची तिकिटं आणि बोर्डिंग पास लावून २३.७१ लाखांचे दावे केल्याचं सीबीआयने कोर्टात मांडलं. २०२२ मध्ये दिल्लीच्या कोर्टाने तीन वर्षांची शिक्षा दिली आणि बिहार विधानसभेतली त्यांची आमदारकी गेली. गुन्हा नोंदवल्यापासून निकालापर्यंत नऊ वर्षं. पण शिक्षा झाली ती याच कारणाने, की ‘प्रवास केला नाही’ ही गोष्ट विमान कंपनीच्या नोंदीतून सिद्ध होऊ शकते. ‘प्रवास केला, पण कामासाठी नव्हे’ असं प्रकरण आपल्याकडे उभंच राहत नाही.

पोचण्याची वाट मात्र सरकारबरोबर उघडते-मिटते. सीबीआयला राज्यात तपासासाठी राज्याची संमती लागते. महाराष्ट्राने ती सर्वसाधारण संमती ऑक्टोबर २०२० मध्ये काढून घेतली. सरकार बदलल्यावर, ऑक्टोबर २०२२ मध्ये, ती परत दिली. दोन्ही वेळा कारणं तत्त्वाची सांगितली गेली. राज्याचं लाचलुचपत प्रतिबंधक खातं गृहखात्याखाली येतं. तपास आणि बंदोबस्त वेगळे करा, अधिकाऱ्यांना ठरलेली मुदत द्या, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये प्रकाश सिंह खटल्यात सांगून झालं. सीबीआयला २०१३ मध्ये ‘पिंजऱ्यातला पोपट’ म्हणूनही झालं.

पोलिसांना वळसा घालून जायची वाट महाराष्ट्रानेच दाखवली होती, हे पुतणीला माहीत नव्हतं. माजी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्याविरुद्ध भाजपचे रामदास नायक यांनी पोलिसांकडे न जाता थेट विशेष न्यायालयात खासगी फिर्याद केली. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये नागरिकाला तसं जाता येतं असं मान्य केलं. (त्याच मालिकेतल्या दुसऱ्या निकालाने आमदार हा ‘लोकसेवक’ नाही असंही म्हटलं. ते १९९८ पर्यंत बदललं.) आज त्या वाटेवरही खटल्याआधी मंजुरी घेण्याचं कलम आडवं येतं, आणि ती मंजुरी ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्या सभागृहाच्या अध्यक्षाकडे मागावी लागू शकते.

संध्याकाळी तिने नवा मसुदा वाचून दाखवला. ‘प्रगत देशांप्रमाणे’ गेलं होतं. बिलं दर तिमाहीला उघड करा, प्रवासाचा मुख्य हेतू लिहून घ्या, पोलीस तपासाला नाही म्हणाले तर कारणं लेखी द्या, विधिमंडळ सचिवालयाने कागद अडवायचे नाहीत. चार मागण्या. मग म्हणाली, “काका, एवढं कुणी वाचत नाही. एकच ठेवायची झाली तर कुठली?”

मी सांगितलं: ज्याने पैसे परत भरले त्याचं नाव, रक्कम, तारीख आणि परतफेड का स्वीकारली त्याचं कारण, हे चार रकाने असलेली एक वही. कुणालाही पाहता येईल अशी. ९५४ आणि ५,२२७ एकाखाली एक आले असते तर कॅनबेरात तो प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला गेला असता.

तिने लिहून घेतलं. रकान्यांत पाचवा कुणाच्या सहीचा असावा का, असंही विचारलं. असावाच.